अठ्ठावन्न नंबरच्या हाताची माती

तुम्ही पहिली नोकरी जिथे केली, तिथे तुम्ही खरोखर होतात हे सांगणारा एक तरी कागद आज तुमच्या घरात आहे का? आठवून उत्तर देऊ नका. उठा, कपाट उघडा आणि बघा.

हा प्रश्न मी पोटासाठी विचारते. माझं काम बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचं. एखादी कंपनी, शाळा किंवा हॉस्पिटल माणूस नोकरीवर घेतं तेव्हा त्याने अर्जात लिहिलेलं खरं की खोटं, हे आमच्यासारख्या एजन्सीकडून तपासून घेतं. वर्धा जिल्ह्याची फील्ड एक्झिक्युटिव्ह मी. म्हणजे एक स्कूटी, एक मोबाइल आणि भरपूर संशय. आमचा निकाल तीन रंगांत लागतो. ग्रीन म्हणजे सगळं जुळलं. अँबर म्हणजे काहीतरी जुळत नाही. रेड म्हणजे खोटं. रेडची गोष्ट अशी, की तो पुसला जात नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीने तेच नाव पाठवलं, की आमच्या स्क्रीनवर आधी जुना रेड उघडतो.

त्या दिवशी मी सेलूला एका नर्सचा पत्ता तपासून बस स्टँडसमोर चहा घेत होते. नागपूरहून बोरकर सरांचा फोन आला. बोरकर सर माझे बॉस.

"एक केस टाकली आहे. तुझ्या रस्त्यावरचीच आहे. रेडच आहे, फक्त जाऊन फोटो काढून ये."

"न बघताच रेड?"

"अगं, वाच तर. सेलू तालुक्यातला पोरगा. मंगेश झाडे. लिहितो काय, प्रोफेशनल अमेरिकन फुटबॉल प्लेअर, दोन सीझन, पुणे. इथे साधा फुटबॉल कोण खेळतं? आणि हा डायरेक्ट अमेरिकन!"

"नोकरी कुठली?"

"नागपूरची निवासी शाळा. स्पोर्ट्स इन्स्ट्रक्टर. सिलेक्ट झालाय, आपला रिपोर्ट बाकी आहे. सात दिवसांत द्यायचा."

खरं सांगते, मलाही तो रेडच वाटला. या धंद्यात लोक काय काय लिहितात ते मी पाहिलं आहे. पानटपरीवर बसणारा मॅनेजर होतो, मॅनेजर डायरेक्टर होतो. (इथे सगळ्यांची नावं मी बदलली आहेत. मंगेशला विचारून लिहिते आहे.)

आमचा एक नियम आहे. उमेदवाराच्या घरी जाण्याआधी दोन शेजाऱ्यांशी बोलायचं. शेजारी सहसा खोटं बोलत नाहीत. त्यांना त्यात काही मिळत नसतं.

पहिला शेजारी अंगणात फवारणीचा पंप दुरुस्त करत होता. मी विचारलं, मंगेश पुण्याला काय करायचा?

"कुरियरमध्ये होता जी."

"कशावरून?"

"फोटो पाह्यला ना म्या. हेल्मेट घालून हाय त्याच्यात. अंगात कंपनीचं जॅकेट, त्याच्यावर नंबर. तेच तं घालते ते जेवण पोचवणारे पोट्टे."

दुसरी शेजारीण एक आजी. त्यांनी मला आधी वरून खालपर्यंत पाहिलं.

"पोलिसातली हाय का तू?"

"नाई आजी. नोकरीच्या चौकशीले आली."

"मंग लिहून घे. पोरगा चांगला हाय. डोकं थोडं सरकलं होतं मधात. दिवसभर वाकून राहे बाप्पा. वाके अन् टांगेतून बॉल मांगं फेके. त्याच्या मायनं बुवाकडं बी नेलतं त्याले."

मी फॉर्मवर लिहिलं: शेजारी एक, कुरियर. शेजारी दोन, फुटबॉल खेळल्याचं माहीत नाही. रंग मनात पक्का होत चालला होता.

मंगेश जिनिंगमधून दुपारच्या सुट्टीत घरी आला. तो तिथे कापसाच्या गठाणी चढवायचा. उंची बेताची, मान जाड, उजव्या हाताची करंगळी वाकडी. त्याच्या आईंनी मला पाणी दिलं आणि दारातच उभ्या राहिल्या. हलल्या नाहीत.

"मूळ कागद दाखवा," मी म्हटलं.

त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून अनुभवाचं प्रमाणपत्र काढलं. लीगचं नाव, त्याचं नाव, 'लाँग स्नॅपर' अशी पोझिशन, दोन सीझन, खाली वळणदार सही आणि गोल शिक्का. भोवती वेलीची बॉर्डर.

त्या वेलीवर माझी नजर अडकली. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक पोपट होता. त्या पोपटाला शेपटी नव्हती.

आता हे मला कसं कळलं, ते सांगावं लागेल. नालवाडीच्या आमच्या घरात धान्याच्या पोत्याशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. पाणी, रेशन, मजुरीचे दर, कशावर ना कशावर, मोर्चे काढणाऱ्या माझ्या बाबांचं पत्रक निघतच असे. घड्या घालायचं काम माझं. अक्षरं मी शाळेत कमी आणि पत्रकांवर जास्त शिकले. ती सगळी गजूभाऊंच्या डीटीपीच्या दुकानात छापली जायची. एकदा गजूभाऊंनी प्रेमाने मोर्चाच्या पत्रकाभोवती वेल टाकून दिली. कोपऱ्यात पोपट. बाबा भडकले. "गजू, हे पत्रक हाय का बारशाचं आवतन?" पोपटाची शेपटी गजूभाऊंच्या कॉम्प्युटरमध्येच कापली गेली होती. ती त्यांना कधी जोडता आली नाही. जिल्ह्यातल्या निम्म्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, पत्रिकांवर तो बिनशेपटीचा पोपट बसलेला आहे.

पुण्याच्या लीगच्या सर्टिफिकेटवर तो कसा येऊन बसला?

मी फोटो काढला, सही घेतली आणि निघाले. निघताना मागच्या अंगणात बाभळीला टांगलेलं जुनं टायर दिसलं. त्याचाही एक फोटो काढला. का, ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गजूभाऊंच्या दुकानात गेले. सरळ विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं. म्हणून म्हटलं, मैत्रिणीचं साक्षगंध आहे, बॉर्डर दाखवा.

"मैत्रिणीचंच ना? तुयं तं नाई?" गजूभाऊ खुलले. "तुया बापाले सांगजो, यंदा पोपट टाकल्याशिवाय सोडत नाई."

त्यांनी कॉम्प्युटरवर फोल्डर उघडलं. पत्रिका, वास्तू, तेरवी, वाढदिवस. मधेच एक फाइल: 'मंगेश सर्टिफिकेट फायनल २'.

"हे काय हो, गजूभाऊ?"

"ते होय? एका पोट्ट्याचं. त्यानं मॅटर आणलं, म्या टाइप केलं. शिक्का बी त्यानंच सांगतला तसा बसवला. काऊन?"

"काही नाही."

बाहेर येऊन मी बोरकर सरांना फोन केला.

"सर, पेपर फेक आहे."

"मी काय म्हटलं होतं? रेड टाक, क्लोज कर."

मी टाकायला हवा होता. नियमाने माझं काम तिथे संपलं होतं. पण आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो, 'उमेदवाराचे म्हणणे'. बहुतेक लोक त्यात रेघ मारतात. मला ती रेघ सहन होत नाही. आरोपीला न विचारता निकाल लावणाऱ्यांविरुद्ध आमच्या घरातून किती पत्रकं निघाली असतील! मग मीच रेघ कशी मारू?

तिसऱ्या दिवशी मी परत गेले. मंगेश मागच्या अंगणात होता. मी मोबाइलवर दोन फोटो शेजारी शेजारी धरले. त्याचं सर्टिफिकेट आणि एक साक्षगंधाची पत्रिका. दोन्हीकडे पोपट.

त्याने पोपटावर बोट ठेवलं.

"कागद खोटा हाय मॅडम," तो म्हणाला. "पण त्याच्यात लिहिलेलं एक बी अक्षर खोटं नाई."

"असं कसं?"

"लीग दुसऱ्या सीझनमधात बंद पडली. मॅनेजर म्हने, सगळ्याईले लेटर मेलवर येईन. नाई आलं. फोन बंद. म्या पुण्याले जाऊन आलो, ऑफिसच्या जागी केकचं दुकान झालतं. इकडं शाळेवाले म्हणत, एक्सपीरियन्स सर्टिफिकेट कंपल्सरी. मंग कुठून आणू?"

"म्हणून खोटं बनवायचं?"

"तुमी गजूभाऊच्या दुकानात काय सांगून गेलत्या?"

मी मोबाइल खाली घेतला.

"काल संध्याकाळीच फोन आलता त्यायचा. म्हने, नालवाडीची पोरगी मैत्रिणीच्या साक्षगंधासाठी आलती, तुयी फाइल पाहून गेली. कोनाचं हाय साक्षगंध?"

"कोणाचंच नाही."

"मंग झालं तं. खरं काढासाठी तुमी खोटं बोलल्या. खरं दाखवासाठी म्या खोटं छापलं."

दारातून त्याच्या आई म्हणाल्या, "मंग्या, तोंड सांभाळ. साहेब हाय त्या."

"मी साहेब नाही," मी म्हटलं. पण मला ते लागलं होतं. दोन्ही एक नाही, हे मला माहीत होतं. माझ्या खोट्याने कुणाला नोकरी मिळणार नव्हती, त्याच्या खोट्याने मिळणार होती.

"तुम्ही नक्की काय खेळायचात ते दाखवा," मी म्हटलं.

तो काय खेळायचा, ते थोडक्यात सांगते, कारण मलाही तोपर्यंत ठाऊक नव्हतं. या खेळाचं नाव फुटबॉल, पण बॉल बहुतेक वेळ हातात. लांबट, दोन्हीकडे टोक. मधूनमधून बॉल लाथेने लांब मारायची वेळ येते. मारणारा पंधराएक पावलं मागे उभा असतो. त्याच्यापर्यंत बॉल पोचवायचं काम लाँग स्नॅपरचं. तो वाकतो, बॉल जमिनीवर धरतो आणि दोन पायांमधून मागे फेकतो. वेगाने, फिरकीसह, बरोबर हातात. बॉल सुटला की समोरचा धिप्पाड माणूस त्याच्यावर येऊन आदळतो. सामन्यात असं आठ-दहा वेळा. बॉल नीट गेला तर टाळ्या लाथ मारणाऱ्याला. चुकला तरच लोक विचारतात, कोण होता रे तो?

मंगेशने अंगणातली काळी माती चिमटीत घेतली, दोन्ही तळव्यांना चोळली, फुंकर मारली. मग वाकला. त्याचा चेहरा उलटा, पायांमधून माझ्याकडे बघणारा. बॉल सुटला तो मला दिसलाच नाही. फक्त बाभळीचं टायर हललं. बॉल त्यातून आरपार गेला होता. त्याने आणखी चार फेकले. चारही गेले.

"माती कशाला?"

"सवय हाय जी. आमी कबड्डीवाले. चढाईले जायाच्या आंधी माती लागतेच हाताले."

शेजारी नंबर एक कुंपणापलीकडून बघत होता. "कुरियरमध्ये हेच शिकवलं काय बे?" तो ओरडला.

मी हसले, पण माझा संशय गेला नव्हता. टायरमधून बॉल काढता येणं म्हणजे लीगमध्ये खेळणं नव्हे. व्हिडिओ बघून कुणीही सराव करू शकतो. आणि ज्याने एक कागद खोटा केला, त्याचं बाकीचं तोंडी खरं मी का मानू?

"तुमच्याकडे जुन्या खेळाडूंचे नंबर असतील."

"हायेत. देऊ?"

"नको."

तो चमकला. पण आमच्यात उमेदवाराने दिलेला नंबर चालत नाही. फोनवर त्याचा मामा बसलेला असू शकतो. नंबर स्वतः शोधायचा असतो.

घरी येऊन मी इंटरनेटवर त्या लीगचे व्हिडिओ शोधले. लीगची वेबसाइट मेलेली. कुण्या प्रेक्षकाने मोबाइलवर घेतलेले तीन तुकडे मिळाले. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, तोंडावर जाळी, पाठीवर नुसते नंबर. लाथ मारणारा तीन नंबर. बॉल देणारा अठ्ठावन्न. अठ्ठावन्नचा चेहरा एकदाही दिसत नाही. तो कायम वाकलेला. तिन्ही तुकड्यांत लोकांना दिसला असेल तर त्याचा पार्श्वभाग.

पण एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली. वाकण्याआधी अठ्ठावन्नचा हात मोज्याकडे जातो. काहीतरी काढतो. मग दोन्ही तळवे एकमेकांवर चोळतो.

मैदान प्लास्टिकच्या गवताचं होतं. तिथे माती नव्हती. मग तो मोज्यातून काढत काय होता?

एका व्हिडिओत समालोचक तीन नंबरचं नाव घेतो. अभिजित. त्यावरून शोधत मी कोल्हापूरच्या एका फुटबॉल कोचिंग क्लासपर्यंत पोचले. तिथल्या ऑफिसच्या फोनवर त्याला बोलावून घेतलं. मंगेशचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही. विचारलं, तुम्हाला बॉल कोण द्यायचं?

"मंग्या! वर्ध्याचा मंग्या! जिवंत हाय न्हवं गडी?"

"आहे. तुम्ही त्याला ओळखाल का?"

"आवं ताई, खरं सांगू? सरळ तोंड त्याचं मी लई कमी बघितलंय. दोन वरसं उलटंच बघितलं, पायातनं. उलटा फोटो पाठवा, लगेच वळकतो."

"तो मोज्यातून काय काढायचा?"

पलीकडे अभिजित इतका हसला की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

"माती! गावाकडची काळी माती. फडक्यात बांधून मोज्यात ठेवायचा. आम्ही लई सांगितलं, बाबा, हितं हातमोजे मिळतात. तर म्हणायचा, हातमोजानं बॉल कळत न्हाई. एकदा काय झालं, मातीत घाम मिसळला आन् बॉल झाला काळा, चिकट. समोरच्या टीमनं बोंब मारली, हातांस्नी डिंक लावलाय म्हणून. डिंक लावायला बंदी असतीया. पंचांनी म्याच थांबवली. वास घेतला, बोट लावलं, वहीत लिवलं. मग हात धुवायला लावलं."

"मग?"

"मग काय! धुतलेल्या हातानं बॉल टाकला, तो माझ्या डोक्यावरनं गेला. दोन सीझनमधी त्याचा चुकलेला बॉल त्यो तेवढाच. आम्ही म्याच हरलो. तवापास्नं कुणी त्याच्या मातीला हात लावला न्हाई."

मी मधल्या दोन शब्दांवर थांबले होते.

"वहीत लिहिलं म्हणालात. कुणी?"

"सबनीस सर. लई खडूस माणूस. समदं लिवायचे."

सबनीस सर पुण्याचे निवृत्त पीटीचे शिक्षक निघाले. नंबर मी त्यांच्या जुन्या शाळेकडून मिळवला. फोन केला तर उलट माझीच तपासणी सुरू झाली.

"आपण कोण? कशावरून? फोनवर मी काही सांगत नाही. ऑफिसच्या ईमेलवरून पत्र पाठवा. विषय लिहा, कारण लिहा."

मला फार बरं वाटलं. आमच्याच जातकुळीचा माणूस होता.

पत्र पाठवलं. दोन दिवस काही नाही. सहाव्या दिवशी दुपारी मेल आला. प्रत्येक सामन्याच्या अहवालाची एक प्रत ते स्वतःजवळ ठेवायचे. लीगने कधी मागितल्या नाहीत, त्यांनी कधी फेकल्या नाहीत. हाताने लिहिलेलं एक पान स्कॅन करून पाठवलं होतं:

'जर्सी क्र. ५८, मंगेश झाडे. हातांना चिकट पदार्थ लावल्याची प्रतिस्पर्धी संघाची तक्रार. तपासणी केली. पदार्थ काळी माती. खेळाडू म्हणतो, गावाहून आणली. हात धुण्यास सांगितले. ताकीद दिली.'

खाली पंचांची सही, संघाच्या मॅनेजरची सही आणि खेळाडूची सही. मी मंगेशच्या अर्जावरची सही काढून शेजारी ठेवली. 'झा'चा तोच काना, 'डे'ची तीच मात्रा, मागच्या अक्षरावर जाऊन पडणारी. मेलसोबत दोन्ही सीझनच्या पहिल्या सामन्यांच्या टीम याद्या होत्या. दोन्हीत अठ्ठावन्न, मंगेश झाडे.

मी तो कागद कितीदा वाचला असेन. हा माणूस दोन वर्षं दुसऱ्यांच्या छातीवर डोकं घालून उभा होता, बोटं मोडून घेतली, मानधनाचं पाकीट रोखीत घेतलं, म्हणून बँकेतही खूण नाही. त्याच्या मॅनेजरने लिहिलं नाही, मालकाने लिहिलं नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांनी लिहिलं नाही. त्याच्या नावाने जगात जो एक खरा कागद उरला, तो त्याच्यावरच्या संशयाचा होता.

बोरकर सरांना मी सगळं पाठवलं. त्यांचा फोन लगेच आला.

"मानलं तुला. पण रंग कोणता?"

"नोकरी ग्रीन. कागद रेड."

"असे दोन रंग सिस्टिम घेत नाही. सगळ्यात वाईट रंग असेल तो पूर्ण केसला लागतो."

"म्हणजे खरा माणूस रेड?"

"खोटा कागद दिलाय त्याने. तू स्वतः पकडलास."

"मी ते लपवा म्हणतच नाही, सर. पण ज्यांच्याकडे ऑफिस, लेटरहेड, शिक्का होता ते पळून गेले, त्यांना कोणता रंग? त्यांच्यासाठी रकाना आहे का?"

"हे बघ, भाषण नको. कॉमेंट बॉक्समध्ये पाचशे अक्षरं बसतात. तिथे काय लिहायचं ते लिही. मी कापणार नाही."

पत्रकाच्या घरात वाढल्याचा हा एक फायदा. थोड्या जागेत लिहिता येतं. मी लिहिलं: 'अनुभवाचे प्रमाणपत्र उमेदवाराने स्वतः छापून घेतले आहे, त्याने ते कबूल केले. त्यातील मजकूर मात्र खरा आहे. पुरावा सोबत: पंचांचा अहवाल व टीम याद्या, स्वतंत्रपणे मिळवलेल्या. मूळ संस्थेने कोणालाही प्रमाणपत्र दिले नाही. निर्णय आपला.' बाकीची अक्षरं रिकामी सोडली.

केस रेड म्हणून बंद झाली.

शाळेच्या एचआर मॅडमनी मला फोन केला. "एवढंच सांगा, या माणसाला मुलांसमोर उभं करू का?"

"मी मत देत नाही मॅडम, फक्त तपासते."

त्या 'बरं' म्हणाल्या. मग मीच म्हटलं, "पकडल्यावर त्याने एका मिनिटात कबूल केलं. मला आजवर असं कुणी भेटलं नाही."

त्या वेळी मंगेशला नोकरी मिळाली नाही. खोट्या कागदावर घेता येत नाही, हा त्यांचा नियम, आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण एचआर मॅडमनी त्याला कळवलं, की सहा महिन्यांनी नवा अर्ज करा, ते सर्टिफिकेट जोडू नका, पंचांचा कागद जोडा. ते सहा महिने तो गठाणी चढवत राहिला. नवा अर्ज आमच्याकडेच तपासायला आला. स्क्रीनवर आधी जुना रेड उघडला आणि त्याच्याखाली माझ्या ओळीही उघडल्या. केस दुसऱ्या मुलाने तपासली. मी हात लावला नाही. ग्रीन लागला. मंगेश आता तिथे असिस्टंट इन्स्ट्रक्टर आहे, अकरा महिन्यांच्या करारावर.

पहिल्याच दिवशी त्याने ऑफिसात जाऊन विचारलं, "मॅडम, एक्सपीरियन्स लेटर कधी भेटन?"

"आज तर जॉइन झालात!"

"हो, पण तुमची शाळा बंद पडली तं?"

सगळे हसले म्हणे. मंगेश हसला नाही. महिन्याच्या शेवटी एक लेटर घेऊनच तो गप्प बसला.

मी गजूभाऊंकडे जाऊन खोटं बोलल्याची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे व. तुयं खरंच साक्षगंध होईन तवा ये. पोपटाले शेपूट लावून देतो." मंगेशची फाइल त्यांनी माझ्यासमोर डिलीट केली. 'फायनल १' नावाची अजून एक होती, तीही.

माझ्या धंद्याने मला शिकवलेली गोष्ट कोरडी आहे. संशय घेणारे लिहून ठेवतात. कौतुक करणारे टाळ्या वाजवून घरी जातात. म्हणून दहा वर्षांनी माणसाजवळ काय उरतं? ताकीद.

तेव्हा आता कपाट बंद करा. तुमच्या कागदाचं सोडा. तुमच्या हाताखाली, तुमच्या दुकानात, टीममध्ये, मंडळात कुणी काम केलं असेल ना? तीन महिने का असेना? त्यातलं एक नाव निवडा. ज्याला कुणी ओळखत नाही, असं निवडा. साध्या कागदावर लिहा: हा माणूस इथे होता, हे काम करत होता, या महिन्यापासून त्या महिन्यापर्यंत. खाली सही करा, तुमचा फोन नंबर टाका आणि तो कागद त्याच्या हातात नेऊन द्या. त्याने मागण्याआधी. तुमचं दुकान चालू आहे तोवर.

बॉर्डर नाही टाकली तरी चालेल.